गोटीरामची ओळ

हिरामण मोकलला उलटं वाचता यायचं. टेबलापलीकडं बसलेल्या तलाठ्यापुढचा कागद तो आपल्या बाजूनं घडाघडा वाचायचा आणि कुणाच्या नावापुढं काय शेरा मारलाय ते बाहेर येऊन सांगायचा. म्हणून कामोठ्यातली माणसं सरकारी कचेरीत जाताना त्याला बरोबर न्यायची. ही विद्या त्याला पनवेलच्या एका छापखान्यात मिळाली होती. तिथं त्यानं अठरा वर्षं शिशाचे खिळे जुळवले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. रोज बघून बघून ते डोळ्याला सुलटं दिसायला लागतं, आणि मग सुलटं अक्षर दिसलं की उगीच चुकल्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा.

बाप मिठागरावर राबलेला. मिठानं त्याच्या टाचा फाटलेल्या असायच्या. पोराची बोटं तेवढी शिशानं काळी झाली, टाचा शाबूत राहिल्या. बापाला त्याचंच फार कौतुक.

त्र्याण्णव साली छापखाना बंद झाला. खिळे वजनावर भंगारात गेले. हिरामण तेव्हा बेचाळीस वर्षांचा. गावाभोवतीच्या शेतांत नव्या शहराचे रस्ते आखून झाले होते. रस्ते होते, दिवे होते, मधेच एखादी सळया वर काढून उभी राहिलेली इमारत होती, माणूस मात्र नव्हता. गाव आपलं मधल्या मध्ये होतं तसंच. हिरामण पनवेलला क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला. वर्गात सगळ्या परकरातून नुकत्याच सलवार-कमीजमध्ये आलेल्या पोरी, आणि मधे हा बापय माणूस. एका पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, तुमी फी भरायला आलाव का पोरगीला न्यायला?"

"मीच ती पोरगी," हिरामण म्हणाला.

वर्षभरानं त्यानं दिनानाथ भोईरच्या घराच्या पुढच्या गाळ्यात टेबल मांडलं. वर कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर, भिंतीवर पत्रिकांचे नमुने. अर्ज, दाखले, हळदीकुंकवाची निमंत्रणं सगळं करायचा, पण खरं काम लग्नपत्रिकांचं. आमच्याकडं पत्रिका म्हणजे साठ-सत्तर नावं. निमंत्रक, व्यवस्थापक, चुलते, मामा, मावसे, मग किलबिल म्हणून घरातली सगळी चिल्लीपिल्ली, काल जन्मलेल्या पोरासकट. नावांची यादी वहीच्या पानावर येते. तिचं प्रूफ निघतं, ते घरोघर फिरतं, आणि प्रत्येक घरात एक नाव वाढतं. तीन प्रूफं झाल्याशिवाय पत्रिका होत नाही. नवरीच्या नावात चूक झाली तर माणसं हसतात. चुलत्याचं नाव राहिलं तर हसत नाहीत.

हे हिरामणइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

गोटीराम आणि दिनानाथ हे सख्खे भोईर भाऊ. गोटीराम थोरला, तिसरी शिकलेला, अंगानं दांडगा. दिनानाथ धाकटा, मॅट्रिक, ग्रामपंचायतीत कारकून. घरं एकमेकांच्या समोर, मधे विहीर, शेवग्याचं एक झाड आणि चाळीस पावलं. शहाऐंशी साली त्यांच्या बहिणीचं लग्न निघालं. बाप नव्हता, तेव्हा पत्रिकेत पहिला निमंत्रक गोटीराम. लिहिता-वाचता येणारा म्हणून प्रूफाची ने-आण दिनानाथकडं. प्रूफात गोटीरामचं नाव होतं, त्यानं स्वतः बोट ठेवून वाचलं होतं. छापून आलेल्या पत्रिकेत ते नव्हतं. सहाशे पत्रिका गावोगाव गेल्या, आणि तळोज्याचा एक पावणा ओट्यावर येऊन म्हणाला, "गोटीरामशेट, तुमी बहिनीच्या लग्नात नाय कं?"

गोटीराम खरंच गेला नाही. सख्ख्या बहिणीच्या मांडवात त्यानं पाऊल टाकलं नाही. दिनानाथ छापखान्यात जाऊन भांडला. मालक आत जाऊन खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला विचारून आला. जुळारी म्हणाला, "सांगितल्याशिवाय आमी ओळ काढत नाय." हे वाक्य त्याच दिवशी गोटीरामच्या कानावर गेलं. सांगितल्याशिवाय ओळ निघत नाही, तर मग सांगितलं कोणी? प्रूफ नेणारा एकच होता. त्या दिवसापासून गोटीराम दिनानाथची पायरी चढला नाही, आणि खोट्या आळाचा राग धरून दिनानाथही बोलला नाही.

तो जुळारी हिरामण.

झालं होतं ते असं. शेवटच्या घडीला मामाचं एक नाव आलं. जागा करायला त्यानं गोटीरामची ओळ उचलून जुळणीच्या दगडाच्या कोपऱ्यावर ठेवली. मामाचं नाव बसवलं, तेवढ्यात मशीनवाल्यानं हाक मारली, जुळणी दोऱ्यानं बांधून गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर ओळ दिसली. मालक तापट, घरात मिळवता एकटाच, बायको पोटुशी. हिरामणनं ती ओळ सोडवली आणि एकेक खिळा पेटीतल्या त्याच्या त्याच्या घरात परत टाकला. गो, टी, रा, म. सगळे खिळे घरी पोचले. गोटीराम तेवढा बहिणीच्या घराबाहेर राहिला.

हे फक्त चांगुणाला, त्याच्या बायकोला ठाऊक होतं. दिनानाथच्याच गाळ्यात धंदा मांडायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "दुसरा गाला नाय मिलत कं तुमाला?"

"नाय मिलत."

"मंग बसा रोज त्याचं तोंड बगत."

चार वर्षं तो बसला.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत दिनानाथच्या जाईचं लग्न ठरलं. जाई एकुलती. चुलत्याच्या खांद्यावर बसून तिनं गावची जत्रा पाहिलेली. भाऊ बोलेनासे झाले तरी तिची दोन घरांतली ये-जा कुणी थांबवली नाही. दोन मे महिने ती हिरामणकडं मराठी टायपिंगही शिकली होती. ती बापाला म्हणाली, "मांडवाची मेढ काका रोवतील. नायतर मांडव नको, कोर्टात करा."

दिनानाथनं यादी लिहिली. पहिलं नाव गोटीरामचं. हिरामणनं ते पाहिलं आणि यादी पालथी घालून ठेवली.

जाईनं निरोप नेला. गोटीराम म्हणाला, "शहाऐंशीला पन नाव व्हतं. प्रूफाला व्हतं. कागद दाखवाचा एक, छापाचा दुसरा. मना कागद नको. जिथं बनतंय तिथं बगीन, आन आखेरपरेंत बगत बशीन."

"मग चला ना काका गाळ्यात."

"त्याची पायरी चराची नाय मी."

"मग हिरामणकाका मशीन हितं आणतील."

ते दिनानाथला चालेना. "माज्या पोरीची पत्रिका त्याच्या ओट्यावर? उद्या तोच बोलंल, मी छापून दिली." शिवाय मशीन हलवणं सोपं नव्हतं. मागल्या वेळी टेबल दोन फूट सरकवलं तर कॉम्प्युटर तीन दिवस चालू झाला नव्हता.

आता प्रश्न एवढाच राहिला की मशीन गाळ्यात आणि गोटीराम ओट्यावर असताना त्यानं बघायचं कसं. गावातल्या कुणालाही हा प्रश्न वेडगळ वाटला असता. मुख्तारला तो वाटला नाही.

मुख्तार तळोजा गावचा. तिथल्याच एका कारखान्यात कॉम्प्युटरची देखभाल करायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर हत्यारं टाकून आमच्या पंचक्रोशीतली मशीनं दुरुस्त करायचा. हिरामणचा निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून एक काळी चपटी पेटी घेऊन आला. झाकण उघडलं तर आत पडदा, खाली बटणं.

"लॅपटॉप. कंपनीनं स्क्रॅपमध्ये काढला, मी उचलला," तो म्हणाला. "याच्यात दम नाही, हिरामणभाऊ. तुमचा मराठीचा प्रोग्राम याच्यावर चालणार नाही, आणि त्याचं लॉक पण एकच, ते तुमच्या मशीनच्या मागं लावलेलं. पण चेहरा चांगलाय."

"चेहऱ्याला काय करू? लगीन लावू?"

"ऐका तर. डोकं तुमचं इथंच राहील, गाळ्यात. याचा नुसता चेहरा तिकडं ओट्यावर. मधे वायर. इकडं जे दिसेल तेच तिकडं दिसेल. आमचे साहेब लोक असंच करायचे. मशीन प्लँटच्या बाजूला, तिथं वासानं डोकं दुखतं. साहेब केबिनमध्ये चहा पीत याच्यावरनं ते चालवायचे."

"चालवायचे? नुसतं बघायचे नाय?"

"दोन्ही. तिकडनं माऊस हलवला तर इकडचा बाण हलतो. एकच बैल, दोन कासरे."

हिरामणनं पेटीकडं बराच वेळ पाहिलं. "कागद नाय, प्रूफ नाय. खरी जुळणीच दिसनार."

"खरीच. टेन्शनच नाही."

हिरामणला कुठलं टेन्शन होतं ते मुख्तारला माहीत नव्हतं.

वायर टाकायला अख्खी सकाळ गेली. हिरामणला वाटलं टीव्हीच्या केबलची उरलेली वायर चालेल. मुख्तारनं कपाळाला हात लावला. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एक चालते आणि दुसरी रुसते. त्यानं आपली वायर आणली. गाळ्याच्या खिडकीतून ती निघाली, शेवग्याच्या फांदीवरून, विहिरीच्या रहाटाला वळसा घालून गोटीरामच्या ओट्यावर गेली. जिथं जिथं बांधायची तिथं हिरामणनं बांधली. जुळाऱ्याची गाठ असते ती, खिळ्यांचं पान बांधायची. दोऱ्याचं टोक आतल्या आत दडपलं की सुटत नाही, आणि सोडवायची म्हटली की एका झटक्यात सुटते. मुख्तारनं दोन्ही टोकांना बोटाएवढ्या टोप्या बसवल्या. "एक टोपी जरी काढली ना, तर दोन्हीकडं अंधार."

गोटीरामची बायको पाण्याला आली होती. घागर कमरेवर ठेवून वर बघत म्हणाली, "बारा वर्सांनी दोन घरांत कायतरी आलंगेलं. वायर तं वायर."

दुपारी तीनला बैठक बसली. गाळ्यात टेबलासमोर हिरामण, त्याच्या मागं स्टुलावर दिनानाथ, दारात मुख्तार. पलीकडं ओट्यावर चटई, चटईवर पाट, पाटावर लॅपटॉप. समोर मांडी घालून गोटीराम, शेजारी जाई. पडदा तिरका बघितला की काळा व्हायचा, म्हणून गोटीरामला अगदी नाकासमोर बसवलं होतं. हे सगळं जाईनं नंतर सांगितलेलं.

चित्र वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. आधी गणपतीचा मुकुट, मग कान, मग सोंड. गोटीराम म्हणाला, "आज विसर्जनाच्या आत पोट तरी येल कं?" जाई हसत सुटली. तेवढ्यात उरलेला गणपती आला, मग कुलदैवतांची नावं, मग नवरा-नवरी, आणि खाली निमंत्रक. श्री. गोटीराम हसुराम भोईर. त्यानं बोट ठेवून वाचलं. बोटाच्या दाबानं पडद्यावर पाण्यासारखा डाग उमटला, म्हणून जाईनं त्याचा हात बाजूला घेऊन माऊसवर ठेवला. "बोट नाय काका. आता हे तुमचं बोट."

गाळ्यात हिरामणचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावरचा बाण थरथरत हलला.

"हिरामन, तू हात लावलास?" दिनानाथनं विचारलं.

"मी नाय. तिकडनं."

"तिकडनं म्हंजे... जाई?"

बाण चालत होता तो नवशिक्यासारखा. वर गेला, एकदम कोपऱ्यात आपटला, परत आला, गोटीरामच्या नावाला ओलांडून पुढं गेला, मागं फिरला. जाईचा हात नव्हता तो. जाई भराभर चालवायची. शेवटी बाण नावाच्या पहिल्या अक्षरावर येऊन टेकला आणि तिथंच राहिला, मात्र थरथरणं थांबलं नाही.

दिनानाथ स्टुलावरून पुढं वाकला. "दादूसचा हात हाय त्यो," तो हळूच म्हणाला. "त्याना पयल्यापासून कंप हाय. नांगर धरला की जायाचा."

बारा वर्षांत त्यानं 'दादूस' हा शब्द उच्चारलेला हिरामणनं ऐकला नव्हता. त्यानं मान वळवली नाही.

अर्धा तास काम नीट चाललं. मामांच्या यादीत एक नाव खाली-वर झालं, किलबिलमध्ये दोन पोरं वाढली. प्रत्येक वेळी बाण कामापुरता बाजूला व्हायचा आणि परत आपल्या नावावर येऊन बसायचा, राखणीला बसल्यासारखा. दिनानाथला आधी हसू आलं. मग येईनासं झालं.

"किती येळ बसनार हाय तिथं? मी काय चोर हाय?"

"बसूं दे रं," हिरामण म्हणाला.

तेवढ्यात पत्रिकेच्या तळाशी, कोऱ्या जागेत, अक्षरं उमटायला लागली. गाळ्यात कुणी बटणाला हात लावला नव्हता. जाई चुलत्याचे शब्द टाईप करत होती. तिनं आधी नाही म्हटलं होतं. गोटीराम म्हणाला, लिव, नायतर मी उठतंय.

शहाऐंशीला पन नाव हितंच व्हतं. मंग कोनी कारलं ते त्यानी आज सांगावं.

नाव कोणी काढलं, हा सवाल दिनानाथनं वाचला. त्याचे कान लाल झाले. तो उठला तसं स्टूल मागं पडलं.

"बगतलास? पोरीच्या पत्रिकेवर! बारा वर्सं आळ घेतला, अजून पोट नाय भरलं." तो हिरामणच्या खांद्यावर हात आपटून म्हणाला, "कार. कार त्याचं नाव. तेव्हा नाय कारलं व्हतं, आज कारतंय. त्याच्या डोल्यासमोर कार, म्हंजे आळ तरी खरा होल."

"दिनानाथ, जरा थंड..."

"गाला माजा हाय, पत्रिका माज्या पोरीची हाय. कारतंस कं मी कारू?"

हिरामणनं माऊस धरला. त्याची बोटं सवयीनं चालली. बाण ओळीच्या सुरुवातीला गेला, दाबून शेवटापर्यंत ओढला, आणि गोटीरामचं नाव काळ्या पट्टीत गेलं. आता एक बटण. पलीकडच्या ओट्यावरही त्याच क्षणी नाव काळं झालं असणार, हे त्याला माहीत होतं. जाईनं नंतर सांगितलं, काकांनी माऊस सोडला आणि हात मांडीवर घेतला.

एकदा ही ओळ हिरामणच्या हातून नकळत पडली होती. आता पडली तर कळून पडणार होती.

त्यानं कोऱ्या जागेवर टिचकी मारली. काळी पट्टी गेली, नाव परत पांढऱ्यावर आलं. दिनानाथ काही बोलायच्या आत तो टाईप करायला लागला. इतर वेळी त्याचा हात फार चपळ. आज एकेक अक्षर शोधून काढत होता, खिळे जुळवल्यासारखा.

शहाऐंशीची ओळ दिनानाथनं काढली नाही. माझ्या हातून राहिली. मामाचं नाव घालताना मी ती उचलून बाजूला ठेवली आणि परत लावायची विसरलो. दुसऱ्या दिवशी सापडली. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो. हिरामण.

दारातल्या मुख्तारनं वाचलं आणि तो स्कूटरकडं बघायला लागला. दिनानाथ उभ्या उभ्या वाचत होता. एकदा वाचून झालं, परत पहिल्यापासून वाचलं.

तिकडं गोटीराम स्वतः वाचत होता. जाई वाचून दाखवायला लागली तर त्यानं तिला हातानं थांबवलं. तिसरी शिकलेला माणूस, ओठ हलवत, एकेक शब्द. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ गाळ्यातला बाण जागचा हलला नाही.

"तू?" दिनानाथ म्हणाला. आवाज फारसा चढला नव्हता. "चार वर्सं माज्या दारात बसून माजा चा पितंस तू."

"व्हय."

"आन बोलला नाय."

"नाय बोललो."

एवढ्यात पडद्यावरचं चित्र थिजलं. मग एक चौकट आली की पलीकडचं मशीन सापडत नाही. मुख्तार धावत विहिरीकडं गेला आणि तिथंच थांबला. गोटीराम लॅपटॉप दोन्ही हातांत ताटासारखा धरून येत होता. मागं तुटलेली वायर शेवग्याच्या झाडावरून निसटून मातीत फरफटत होती, आणि तिच्या मागं जाई, "काका, पडेल! काका, दुसऱ्याचा हाय तो!" करत.

गाळ्याच्या पायरीशी गोटीराम थांबला. पायरी चढला नाही. लॅपटॉप मुख्तारच्या हातात दिला. "घे तुजा चेहरा."

मग तो हिरामणकडं वळला. "हिरामन्या, भायेर ये."

हिरामण बाहेर आला. मार खायची तयारी ठेवून आला होता. पण गोटीरामनं हात उचलला नाही, तोंड उघडलं. काय काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. हिरामणच्या बापाचं मिठागर, त्याच्या आईचं दूध, त्याची उलटं वाचायची विद्या, सगळं त्यात आलं. तो दम घ्यायला थांबला तेव्हा दिनानाथ पायरी उतरून खाली आला, भावाच्या शेजारी उभा राहिला आणि गोटीरामनं जिथं सोडलं होतं तिथून त्यानं पुढं धरलं. मग गोटीराम. मग परत दिनानाथ. एकाला शिवी आठवली नाही की दुसरा पुरवायचा. बारा वर्षांनी दोघा भोईरांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे हिरामण मोकल.

हिरामण खाली बघून ऐकत होता. चांगुणा घरातून आली, पदर खोचून थोडा वेळ उभी राहिली, आणि नवऱ्याला तसाच सोडून परत गेली.

शेवटी गोटीराम दमला. पायरीवर बसला. कुणाची पायरी ते त्याच्या लक्षात आलं नाही, का आलं, ते देवाला ठाऊक. "बहीन इच्यारते अजून," तो म्हणाला. "दादूस, का नाय आलास म्हनून. काय सांगू तिला? छापताना ओल परली?"

दिनानाथ पोरीला म्हणाला, "पानी आन त्याना."

जाईनं दोन तांबे आणले. हिरामणला दिला नाही.

पत्रिका त्यानंच पुरी केली. खालची कबुली पुसताना त्याला ती ठेवून द्यावीशी वाटली, पण पत्रिकेत ती कुठं बसणार. दोघे भाऊ पनवेलला दुसऱ्या छापखान्यात बरोबर गेले, मशीनच्या दोन अंगांना उभे राहिले आणि पहिली प्रत निघाल्यावर गोटीरामनं ती ओली असतानाच बोट ठेवून वाचली. बोटाला शाई लागली ती त्यानं धोतराला पुसली.

दिनानाथनं सांगितलं, लग्नानंतर गाळा रिकामा कर. गोटीराम म्हणाला, "माज्या ओट्यावर बसव त्याना. नजरेसमोर राहिला तं बरं." यात माया किती आणि पहारा किती, हे हिरामणनं विचारलं नाही. मुख्तारनं तुटलेली वायर जोडून दिली आणि लॅपटॉपही गोटीरामच्या घरीच ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "लोकं येऊन विचारतात, आमची पत्रिका पण तशी दाखवा म्हणून."

सातशे पत्रिका वाटल्या गेल्या. चांगुणा उंबऱ्याकडं बघत राहिली. त्यांच्याकडं पत्रिका आली नाही. गावात आजवर एकही पत्रिका अशी नव्हती की जिची पहिली प्रत हिरामणला सुपारीसकट मिळाली नाही.

"बोलावनं नाय तं जाचं नाय," ती म्हणाली.

"नाय जाचं," हिरामण म्हणाला.

मांडवाच्या सकाळी ढोलकी सुरू झाली. हिरामण घरात बसून कागद कापत होता. हाताला काम हवं म्हणून. तेवढ्यात दिनानाथच्या अंगणातून गोटीरामचा आवाज आला. चाळीस पावलांवरून काय, खाडीपलीकडूनही ऐकू गेला असता.

"हिरामन्या! मेलास कं? दोरा घेऊन ये!"

हिरामण दोऱ्याचं बंडल घेऊन धावत गेला. अंगणात खड्डा खणलेला, मेढ उभी केलेली. गोटीरामनं ती दोन्ही हातांनी धरली होती आणि हातांना कंप अजिबात नव्हता. दिनानाथ आंब्याचा डहाळा मेढीच्या टोकाशी लावून उभा होता. दोघांचेही हात गुंतलेले. हळद लागलेली जाई दारातून बघत होती.

"बांद," गोटीराम म्हणाला. "तुजी ती गाठ. सुटली तं बग."

हिरामणनं तीन वेढे घातले, टोक आत दडपलं आणि ओढून पाहिलं. मग परत ओढून पाहिलं. मागं सरकला, आणि पुन्हा पुढं येऊन तिसऱ्यांदा ओढून पाहिलं.

"बास आता," दिनानाथ म्हणाला. "मेढ उपटशील."